परसातलं पांढरं तळं

“आमच्या सुनेला तोंडच नाही हो. चार महिने झाले, वर आवाज नाही की उलटा शब्द नाही. असं माणूस मागून मिळत नाही.”

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. त्या राज्यातल्या एका गावात चुना भाजणाऱ्यांचं एक घर होतं, आणि त्या घरातल्या सासूनं परसाच्या कुडापाशी उभं राहून शेजारणीला हे सांगितलं. कुडाच्या अलीकडे सून भांडी घासत होती. तिनं हे ऐकायचं नव्हतं. पण ऐकलं.

निंदा कानावर आली असती, तर तिला रडता तरी आलं असतं. ही तर स्तुती होती, आणि स्तुतीचं काय करायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती हातातला तांब्या तसाच धरून बसून राहिली. त्या दिवसापासून ती जे थोडंफार बोलत होती, तेही तिनं जवळजवळ बंद केलं. मिळालेलं नाव राखायला हवं, असं तिला वाटलं.

आता ते घर कसं होतं तेही ऐका. घर पांढरं होतं. भिंती पांढऱ्या, ओटा पांढरा, गोठ्यातली गव्हाण पांढरी, आणि परसातला लिंबही माणसाच्या उंचीपर्यंत पांढरा. सासरा म्हणायचा, की ज्याला चुना लागला नाही ते काम अजून पुरं झालेलं नाही. सून एका मोठ्या तळ्याकाठच्या गावाहून आली होती. तिथं सगळं एकतर हिरवं असायचं नाहीतर मातकट. लग्नानंतर पहिल्यांदा माप ओलांडून आत आली, तेव्हा तिचे डोळे असे दिपले होते, की समोरची सासू तिला क्षणभर दिसलीच नव्हती.

निघताना आईनं तिला घागरीत नऊ मासे दिले होते. बोटाएवढे, काळ्या पाठीचे. सासरी ते परसातल्या रांजणात राहिले, आणि वाढता वाढता एकमेकांवर आपटू लागले. रांजण त्यांना पुरेना. तिनं नवऱ्याला हलक्या आवाजात सांगितलं, नवऱ्यानं आईला, आईनं सासऱ्याला. सासऱ्यानं उत्तर दिलं, की खणू दे हवं तर तळं, मात्र भट्टीवरचा माणूस तिला मिळणार नाही.

माहेरचं तळं तिनं जन्मभर पाहिलं होतं, पण तळं करणं निराळं. पहिला खड्डा तिनं उतारावर खणला, आणि पाणी एका दुपारीत निघून गेलं. दुसरा तिनं सपाटीवर, लिंबाच्या अर्ध्या सावलीत खणला. कडेला गुडघाभर, मध्ये कमरेएवढा. वारुळाची चिकट माती आणली, भिजवली, आणि सगळे आडवे झाले की रोज दुपारी ती खड्ड्यात उतरून ती माती पायांनी तुडवायची. थरावर थर दिला. माशांना लपायला तळाशी फुटकी कौलं ठेवली. पाणी भरायचं तेवढं बाकी होतं. या सगळ्याला खर्च म्हणाल तर तिच्या टाचा तेवढ्या फुटल्या.

सासरा येता-जाता बघायचा आणि हसायचा. घरात चुन्याचे डोंगर पडलेत आणि आमची सून चिखलात नाचते, असं भट्टीवर सांगायचा. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. खरं तर त्याला तो चिखल बघवत नव्हता.

मग निरोप आला, की आठ दिवसांनी सुनेचे आईवडील लेकीला भेटायला येणार. लग्नानंतर पहिल्यांदाच. घरात धावपळ सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सून धुणं घेऊन नदीवर गेली, आणि ऊन चढल्यावर परत येऊन पाहते, तर परसात तिचं तळं दिसेना.

तिथं एक पांढरंशुभ्र, चकचकीत काहीतरी होतं.

सासरा, सासू आणि नवरा, तिघांचे हात कोपरापर्यंत पांढरे. तिची माती त्यांनी नीट सारखी केली होती, त्यावर घाण्यात मळून काढलेल्या ताज्या चुन्याचा गिलावा चढवला होता, आणि सासू, जिला गुडघ्यांमुळे खाली बसवत नसे, ती खाली बसून गोट्यानं घासून घासून त्याला झिलई आणत होती. राजाच्या हमामखान्याला देतात तसला चुना, सासऱ्यानं सांगितलं. व्याही आले की बघत राहतील. लेकीचं तळं चिखलाचं कशाला?

सुनेच्या हातातला पिळा खाली पडला. तिला माहीत होतं. तळ्याकाठच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, की ओला चुना पाण्यात उतरला की त्या पाण्यात मासा जगत नाही. शब्द तिच्या जिभेवर आले होते. तेवढ्यात कुडापलीकडून शेजारीण डोकावली आणि म्हणाली, “बघा, आनंदानं कशी मुकी झाली.” सासू सुनेकडे बघून हसली. त्या हसण्यात इतकी माया होती, की सुनेनं ते शब्द गिळले.

दोन दिवस गिलावा वाळला. दोन दिवस म्हणजे बोलायला पुष्कळ वेळ होता. पण ती बोलली नाही. या घरचा चुना वेगळा असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं तळं पाण्यानं भरलं, आणि सासऱ्यानं तिला मासे सोडायला सांगितलं. तिनं रांजणातून एकेक करून सात मासे काढले. दोन हाताला लागत नाहीत असं तिनं नुसत्या खुणेनं दाखवलं. ते खोटं होतं. दोन मासे वाचवण्यापुरतं शहाणपण तिच्याकडे होतं, आणि सात मासे वाचवण्याइतका आवाज नव्हता.

मासे पाण्यात पडले आणि बाणासारखे धावले. सासरा टाळ्या वाजवायला लागला. माशांना जागा आवडली, असं त्याला वाटलं. मग एक मासा पाण्याबाहेर उसळला आणि काठावर आपटला. नवऱ्यानं त्याला उचलून परत आत टाकलं. मग ते सगळेच वर आले आणि तोंडं उघडून मिटू लागले. चुलीवरच्या भाकरी होईपर्यंत सातही मासे उलटे तरंगत होते. पांढऱ्या तळ्यात पांढरी पोटं. नीट बघितल्याशिवाय दिसतही नव्हती.

सासूनं दोन्ही हात छातीशी धरले होते. ज्या हातांनी तिनं झिलई दिली होती, त्यांच्याकडे ती अशी बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

शेवटी सासरा सावरला. खालच्या मातीत काही घाण राहिली असणार, चुन्याचा आणखी एक हात द्यायला हवा, असं तो पुटपुटला. आणि सासू, काहीतरी भरून काढावं म्हणून, धडपडत रांजणाकडे गेली. हे दोघे तरी इथं कशाला कोंडलेत, यांना स्वच्छ पाण्यात सोडू, असं म्हणत तिनं माशांसकट पाणी घागरीत घेतलं आणि घागर तळ्यावर वाकवली.

सुनेनं धावत येऊन तिचं मनगट धरलं.

“थांबा, आत्याबाई.”

नवऱ्यानं चमकून कुडाकडे पाहिलं. त्याला वाटलं, शेजारीण बोलली. लग्न झाल्यापासून बायकोचा मोठा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता.

“पानाला चुना जास्त लागला की तुमचं तोंड भाजतं ना?” सून म्हणाली. “मासा पाणीच पितो, आत्याबाई, आणि पाण्यातच श्वास घेतो. त्याला सगळं अंगभर तोंडच आहे असं समजा.”

सासूच्या हातातली घागर तिनं हळूच काढून घेतली. सासरा तळ्याकडे बघत होता. जन्मभर त्याचं घर ज्या चुन्यावर चाललं, तो असंही करू शकतो, हे त्याला आत्ता, या वयात कळत होतं. मग त्यानं विचारलं, हे तुला आधी कुठं ठाऊक असणार, आत्ता बघूनच कळलं असेल ना? सुनेनं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते कुणालाच कळलं नाही. ज्याला जे हवं ते त्यानं घेतलं.

त्याच दिवशी बापलेकांनी गिलावा उखडला. माती पुन्हा तुडवली, आणि या वेळी चौघांनी मिळून. कौलं परत ठेवली, पाणी भरलं, काढलं, पुन्हा भरलं. सुनेनं आधी नदीतलं शेवाळ आणि दोन गोगलगायी सोडल्या, त्या जगल्या तेव्हाच उरलेले दोन मासे सोडले. ते कौलाखाली गेले आणि संध्याकाळी बाहेर येऊन शेवाळ कुरतडू लागले.

पण सासूनं पान खाणं सोडलं. चुन्याची डबी दिसली की ती तोंड फिरवायची. माझ्याच हातून गेले, असं म्हणायची, आणि सून ऐकायची. ऐकायची आणि गप्प बसायची.

ठरल्या दिवशी आईवडील आले. आई आधी परसात गेली. मातकट तळ्यात डोकावून ती म्हणाली, “नऊ दिले होते ना गं?”

सासू पुढं झाली. “माझ्या हातून गेले, विहीणबाई. मीच चुना लावला. पोरीला बिचारीला काय ठाऊक.”

सून भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी तशीच टाकून, पिठाच्या हातांनीच ती परसात आली आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली. तिचे हात त्या दिवशीच्या तिघांच्या हातांसारखेच पांढरे दिसत होते.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “चुना ओला होता तेव्हाच ठाऊक होतं. तुम्ही माझ्या गप्प बसण्याचं कौतुक केलेलं मी ऐकलं होतं, आत्याबाई, आणि मला ते कौतुक माशांपेक्षा मोठं वाटलं. तुम्ही न कळता चुकलात, मी कळून चुकले. माहीत असून गप्प राहणं हा चांगुलपणा नसतो, तो त्या चुकीतला आपला वाटा असतो.”