गोजराबाईची मिठाची पाटी

सरका जरा. पाय माझ्या अंगावर टाकायचे नाहीत. आज घसा बसलाय, तेव्हा मध्येमध्ये कुणी बोलायचं नाही. हं.

तर एकदा काय झालं, एक होतं नगर. केवढं? डोळ्याला दिसणार नाही एवढं. खाऱ्या पाण्यात बुडालेलं, भोवती तेलकट तट, साईसारखा पातळ. वारा तटातून आरपार यायचा, त्याला कोण विचारतो! पाण्याला मोरी होती, ते आपलं आपण ये-जा करायचं. मीठ मात्र भारी चिवट. फटीफटीतून आत घुसायचं. आणि मीठ साठलं की त्याच्यामागं पाणी धावतं, बरं का.

म्हणून वेशीवर गोजराबाई होती. मीठ पाटीत भरायचं, बाहेर फेकायचं. परत भरायचं, परत फेकायचं. दिवाळी नाही, दसरा नाही. हात भरून यायचे बाईचे, कंबर मोडून जायची. खायला काय, तर गुळाचा खडा.

एक दिवस राजा आला फिरत. म्हणाला, “वारा फुकट येतो, पाणी फुकट येतं. मग या बाईला गूळ कशाला?”

गोजराबाई म्हणाली, “महाराज, त्यांची वाट उताराची. मला चढावर ढकलावं लागतं.”

“पुरे!” राजा म्हणाला. गूळ बंद. असा हा शहाणा!

मग काय! उपाशीपोटी बाईनं थोडा वेळ रेटलं. मग हात चालेनात. मग बसली तटाला टेकून. जन्मात पहिल्यांदा बसली हो ती! किती बरं वाटलं तिला, काय सांगू. इकडे मीठ साठलं, मिठामागं पाणी आलं. नगर पुरीसारखं फुगायला लागलं. पोरंबाळं रडायला लागली.

राजानं घागरी भरभरून पाणी बाहेर ओतलं. ते परत आलं. मग मोरी बुजवली. तर तटातूनच झिरपायला लागलं. मग आला धापा टाकत, गुळाची ढेप डोक्यावर घेऊन.

“गोजराबाई, ऊठ गं माझे आई! तट फुटला तर सगळेच जाऊ.”

बाईला उठवेना. राग होता, का नसेल? पण रागापेक्षा शीणच जास्त. ‘पडू दे की मेल्यांनो मला,’ असं आलं तिच्या मनात. तेवढ्यात तट करकरला. मग उठली. खडा तोंडात टाकला, पाटी उचलली. मीठ गेलं, त्याच्यामागं पाणी गेलं, नगर ओसरलं.

राजानं हात जोडले. “माग, काय हवं ते.”

“घटकाभर टेकू द्या.”

मग राजानं स्वतः पाटी घेतली. एक फेकली. दुसरी अर्धी सांडली. तिसरीला तोंडाला फेस आला. नगर परत फुगायला लागलं. गोजराबाईनं पाटी काढून घेतली.

“राहू द्या महाराज. गूळ तेवढा धाडत जा.”

मग गूळ कधी चुकला नाही, आणि नगर सुखानं नांदलं. तसली नगरं, पेशी म्हणतात त्यांना, तुमच्या अंगात खच्चून भरलीत, बाळांनो, आणि प्रत्येकात एक गोजराबाई आहे. तिला काही आज निजता यायचं नाही. तुम्ही तरी निजा.