रिकामा रकाना

“पण सर, तो कधीच अडत नाही, यात वाईट काय?”

मुजावर सर नुसते हसले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी लोक आपले प्रोग्रॅम त्यांना दाखवायला यायचे. ऋजुताला खरं तर काही दाखवायचं नव्हतं. तिला शाबासकी हवी होती. तान्ह्या मुलांच्या औषधाची मात्रा काढणारा तिचा प्रोग्रॅम उद्या एका धर्मादाय दवाखान्यात सुरू व्हायचा होता.

“मूल वजनकाट्यावर स्थिर राहत नाही,” ती सांगू लागली. “म्हणून सिस्टर आधी आईला मुलासकट उभं करतात, मग एकटीला. दोन्ही आकडे भरायचे. वजाबाकी तो करतो.”

“आणि भरताना चूक झाली तर?”

“मी प्रोग्रॅम लिहिलाय ती भाषा फार समजूतदार आहे, सर. आकडा मजकूर म्हणून आला तरी चालवून घेते. रकाना रिकामा राहिला तर शून्य धरते. कुरकुर नाही, चूक दाखवणारी लाल अक्षरं नाहीत.”

“कुणाला विचारून धरते?”



सरांनी लॅपटॉप जवळ ओढला. आई आणि मूल मिळून, अठ्ठावन्न किलो. पुढच्या रकान्यापाशी त्यांनी बोट उचललं.

“इतक्यात पलीकडचं मूल रडलं. सिस्टर धावली.”

आणि बटण दाबलं.

पडद्यावर सुबक चिठ्ठी उमटली. मात्रा, एकोणतीस मिली.

“बघा, अडला नाही!” ऋजुता म्हणाली.

सर आत गेले. नातवाच्या तापाच्या औषधाची बाटली, तिचं पाच मिलीचं झाकण आणि एक वाटी घेऊन आले.

“चिठ्ठीप्रमाणं ओत.”

तिनं एक झाकण ओतलं. दुसरं ओतलं. तिसरं भरलं आणि हात वाटीवर तसाच राहिला.

“काय झालं?”

“सर... एवढं? बाळाला?”

“प्रोग्रॅम तर हो म्हणतो.”

तिनं पडद्याकडं पाहिलं. आईचा रकाना रिकामा होता. आईचं वजन शून्य, म्हणून सगळे अठ्ठावन्न किलो बाळाचे.



“तुला कुणी थांबवलं?” सरांनी हळूच विचारलं.

“कुणी नाही. हातच पुढं जाईना.”

सर खुर्चीतून उठले. आयुष्यभर शेकडो मुलांना शिकवलेल्या त्या माणसानं तिच्या अडलेल्या हातापुढं वाकून नमस्कार केला. ऋजुताला कुठं बघावं कळेना.

“सर, अहो...”

“तुला नाही गं,” ते म्हणाले. “याला. उद्या प्रोग्रॅममध्ये घालून याला वॉर्डात पाठव.”