लाजाळूला लावलेली शिस्त

भुजंगराव महाराज बागेत आले, सवयीने त्यांनी चांदीची काठी फरशीवर आपटली, आणि कुंडीतल्या लाजाळूने सगळी पानं मिटून घेतली. झालं! महाराजांचा पापड मोडला.

"आम्ही आलो की हे तोंड मिटतं?"

"म्हाराज, त्याची जातच लाजरी," रखमाजी माळी हात जोडून म्हणाला.

काठी आपटून 'एकेकाची मान उडवीन' म्हणणं हा महाराजांचा रोजचा परिपाठ होता. आजवर एकही मान उडाली नव्हती. पण या वेळी ते हळू आवाजात म्हणाले, "आठ दिवसांत याला शिस्त लाव. आम्ही काठी आपटली तरी पानं उघडी राहिली पाहिजेत. नाहीतर बागेतलं खोपट रिकामं करायचं."

रखमाजीने त्याच दिवशी गाठोडी बांधायला घेतली. हळू बोललेलं महाराज खरं करत. मागच्या माळ्याचं बिऱ्हाड असंच रस्त्यावर आलं होतं.

रखमाजीची मुलगी चिमा मात्र कुंडी घेऊन पडवीत बसली. खाली गोणपाट घातलं आणि सुरू झाली. कुंडी वीतभर उचलायची, धप्पकन आदळायची. पुन्हा उचलायची, पुन्हा आदळायची.

"पोरी, घर तर चाललंच हाय, आता कुंडीबी फोड," रखमाजी वैतागला. चिमा आदळतच राहिली.

आठव्या दिवशी कुंडी दरबारात आली. महाराजांनी काठी आपटली. पानं उघडी. पुन्हा आपटली. उघडीच!

"मेलंय ते," प्रधानजी म्हणाले.

चिमाने बोट लावलं. पानं झटकन मिटली.

महाराजांनी खूश व्हायचं, तर ते उलट तापले. "तुझ्या बोटाला घाबरतं आणि आमच्या काठीला नाही? शिकवलंस काय त्याला?"

"म्या काय शिकवनार, म्हाराज? बोटाची त्याला सवय न्हाई. कुंडी मातुर रोज आदळली. आधी दर खेपेला मिटायचं. मग त्याच्या ध्यानात आलं, नुसता दणका हाय, होत काईच न्हाई. तवापासनं मिटायचं सोडलं."

"असं कुठं असतं?"

"हितंच हाय की. तुमी दोनदा काठी आपटली. ह्या समद्या पगड्यांतली एक तरी हलली का?"

महाराजांनी मान वळवून पाहिलं. खजिनदार लोडाला टेकून निवांत घोरत होते.

महाराज आधी लाल झाले, मग पोट धरून हसत सुटले. डोळे पुसून त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि अगदी हळू म्हणाले, "ते खोपट आणि विहिरीपर्यंतची जमीन या पोरीच्या नावावर करा."

सगळा दरबार ताडकन उठून उभा राहिला. खजिनदारसुद्धा!