फळीवरचं पान

“मेली का ही, माय? एवढंच सांग!”

उत्तरेश्वर धापा टाकत होता. मठाच्या पायरीवर त्यानं रंगाचा जुना डबा आदळला. डब्यात पानफुटी होती. देठ काळा पडलेला, पानं लिबलिबीत झालेली.

त्याचा थोरला भाऊ सिद्राम उन्हाळ्यात गेला. रंगारी होता. रिकाम्या डब्यात ही पानफुटी त्यानंच लावली होती.

“ही गेली तर मीही जगत नाही.”

सोनामाय त्या मठातली एकटी म्हातारी. तिनं डब्यात बोट खुपसलं. नुसता चिखल.

“पाणी कधी घालतोस?”

“दादाची आठवण आली की घालतो.”

“आणि आठवण कधी येते?”

उत्तरेश्वरनं डब्याच्या काठावरचं पाणी बाहीनं पुसलं.

“बुडवलीस की रे तिला.”

असं म्हणून मायनं डबा उचलला आणि सरळ उकिरड्यावर पालथा केला.

“म्हातारे! दादाची होती ती!”

मुळं पार कुजली होती. मायनं शेंड्याचं एक धड पान तेवढं खुडलं आणि दारावरच्या फळीवर ठेवून दिलं. कोरडंच.

तो तांब्या घेऊन धावला. मायनं हातावर चापट मारली.

“हात लावायचा नाही.”

“मातीत तरी खोचू?”

“नको.”

“मग मी करू काय?”

“डब्याच्या बुडाला भोकं पाड. दादा तुझा रंगारी. डबा गळू नये, एवढंच त्याला ठाऊक!”

उत्तरेश्वरला हसू फुटलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग त्या हसण्याचाच त्याला राग आला आणि त्यानं खिळ्यावर असा हातोडा घातला, की बुडाची चाळण होऊ लागली.

“बास की रे! माती कशात ठेवणार, माझ्या डोक्यावर?”

तो रोज येऊ लागला. पान बघायला म्हणून यायचा आणि माय त्याला कामाला जुंपायची. ओढ्यातली वाळू चाळून आण, विटा फोड, चहा टाक. चहात साखर जास्त पडली, की शिव्या घालायची. मग भाकरी वाढायची. तो खायचा, वर आणखी मागायचा. पानाची आठवण कधी निघताना व्हायची. कधी व्हायचीही नाही.

एके सकाळी फळीवरची धूळ झटकताना त्याचा हात थबकला.

पान सुरकुतलं होतं. पण त्याच्या कडेकडेनं इवली इवली पिल्लं फुटली होती. खाली केसासारखी मुळं.

“माय! अगं, इकडे ये आधी!”

दोघांनी डबा भरला. तळाशी विटांचे तुकडे, वर वाळू घातलेली माती. तिच्यावर पान नुसतं आडवं टेकवलं. मायनं चार थेंब शिंपडले. त्याचा हात सवयीनं तांब्याकडे गेला... आणि मागे आला.

“मोठं झालं की एक पिल्लू मला दे हो,” माय म्हणाली.

“दोन ने की.”

जेवायचं ताट घेऊन तो डब्यापुढेच बसला.

“माय, याला माती नव्हती. पाणी नव्हतं. कुणी वळून बघितलंही नाही. मग हे जगलं कशावर?”

मायनं त्याच्या ताटात भाकरी वाढली...

“तू कशावर जगलास?”