रोहिणीनंतर आर्द्रा

पूर्वी एक वृद्ध ज्योतिषी आपल्या एकुलत्या एका शिष्यासह नदीकाठच्या गावात राहत असत. गुरूंचे नाव त्र्यंबकशास्त्री, शिष्याचे मुकुंद. मुकुंद बुद्धीने तल्लख, पण वादाला पक्का. आधार विचारल्याखेरीज गुरूंचे एकही विधान तो मान्य करत नसे. दोघांचा वाद रंगला, की वाढलेली पाने निवून जात आणि शास्त्रीबुवांच्या पत्नी हाका मारून दमत.

एके दिवशी मुकुंदाने सरावासाठी गुरूंचीच पत्रिका मांडली. गणित पुनःपुन्हा तपासले, उत्तर बदलेना. येणारा चैत्र गुरूंना दिसणार नव्हता.

त्याने हे कोणालाच सांगितले नाही. मात्र त्या दिवसापासून तो बदलला. गुरूंच्या हातातली कळशी काढून घेऊ लागला, त्यांच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावू लागला. वाद तर थांबलाच. आता त्यांना कशाला दुखवायचे, असे त्याला वाटे, आणि त्यांच्याकडे पाहताना त्याचे डोळे भरून येत.

एका सकाळी पाठ देताना शास्त्रीबुवा म्हणाले, "रोहिणीनंतर आर्द्रा नक्षत्र येते."

मधले मृग नक्षत्र कोणाला ठाऊक नसते? गुरूंची स्मृतीही गेली, असे मुकुंदाला वाटले. तो हळूच म्हणाला, "होय, गुरुजी."

शास्त्रीबुवांनी पोथी मिटली. ते नदीवर गेले आणि नेसत्या धोतरानिशी बुडी मारून ओलेत्याने परतले. स्मशानातून आल्यावर गावात असे स्नान करत. मुकुंदाने घाबरून विचारले, "गुरुजी, कोण गेले?"

"मीच," ते म्हणाले. "तू वाद सोडलास, तेव्हाच ओळखले की तू माझी पत्रिका मांडलीस. ती मी तुझ्याआधीच मांडली होती. मृत्यू यायचा तेव्हा येईल. तू मात्र मला आजच पोचवून आलास. जिवंत माणूस चुकला तर त्याला टोकतात रे. तुझी माया मला कळते, पण मला दया नको. माझ्याशी भांड."

मुकुंद मिटलेली पोथी उघडून गुरूंपुढे बसला. मग डोळे पुसत म्हणाला, "रोहिणीनंतर मृग येते, गुरुजी. आणि कालच्या तुमच्या ग्रहणगणितालाही मला आधार हवा आहे."

शास्त्रीबुवा प्रसन्न हसले.

भाकीत खरे ठरले. चैत्र लागण्यापूर्वीच ते गेले. आदल्या संध्याकाळपर्यंत गुरुशिष्यांचा वाद चालला होता, आणि त्यात मुकुंद साफ हरला होता. तो पुष्कळ रडला, पण काही बोलायचे राहून गेले, असे त्याला कधी वाटले नाही.

आपल्या घरात कोणी असाध्य आजाराने अंथरुणावर असेल, तर त्याच्याशी रोजच्यासारखेच बोलावे. आजचा दिवस अजून त्याचाच आहे.