एझ्राचं अस्वल

पार पश्चिमेच्या माळरानांवर गुराखी नुकते वस्ती करू लागले होते, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी शेकोटीभोवती थापा मारायच्या आणि कोणी कोणाची थाप खोटी पाडायची नाही, असा तिथला रिवाज होता.

एझ्रा नावाच्या गुराख्याची थाप ठरलेली होती. आपण नुसत्या दोराने अस्वल बांधलं, असं तो सांगायचा. खरं तर ते साळिंदर होतं, आणि तेही निसटलं होतं. त्याच्या खेचराने हे पाहिलं होतं. पण दर शेकोटीला ते जनावर हातभर वाढायचं आणि खेचर कान पाडून ऐकायचं.

एकदा मार्था नावाची नवी बाई शेकोटीला आली. तिला रिवाज ठाऊक नव्हता. "बरं झालं भेटलात," एझ्राची गोष्ट ऐकून ती त्याला म्हणाली. "ओढ्यापलीकडचं अस्वल माझी वासरं नेतंय. उद्या तेवढं बांधून द्या."

सगळ्यांसमोर एझ्राला नाही म्हणवेना. सकाळी तो दोर घेऊन खेचरावर बसून निघाला. ओढ्याशी खेचराने बसकण मारली आणि ते बोललं,

"मालक, साळिंदराचं अस्वल केलंत, मी ऐकून घेतलं. पण पलीकडे खरं अस्वल आहे आणि त्याने तुमची गोष्ट ऐकलेली नाही. जायचं तर पायी जा."

पलीकडे गुरगुर झाली, तसा एझ्रा मुकाट्याने परतला.

संध्याकाळी तो म्हणाला, "अस्वल हाती आलंच होतं, पण हे भेकड खेचर बसलं." सगळे हसले. खेचराने तोंडात आलेलं उत्तर गवताबरोबर गिळलं.

मार्था हसली नाही. ती उठून वासरं घरात घ्यायला गेली. खेचर न सांगता तिच्या मागे गेलं.