नीलकंठीचं तीर्थ

"पण महाराज, जी आपल्यासाठी विष पिते, तिलाच उपटायचं?"

रेवणगिरी महाराजांनी डोळे मिटले. ध्यानासाठी नव्हे, राग गिळायला. सकाळपासून त्यांचा शिष्य शंभूगिरी हा एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होता.

वरच्या अंगाच्या कारखान्यांचं शिसं मठाच्या तळ्यात उतरलं, तेव्हा महाराजांनीच तळ्यात जलपर्णी सोडली होती. ती मुळांनी शिसं ओढून घेते. मग तिला उपटायची, सिमेंटच्या बंद हौदात टाकायची आणि नवी सोडायची. एवढंच काम. ते शंभूगिरीवर सोपवून महाराज यात्रेला गेले.

परत येऊन बघतात तर काय! शिष्योत्तमांनी जलपर्णीचं नाव नीलकंठी ठेवलेलं. काठावर ओटा, हळदकुंकू, दोन वेळा आरती. उपटलं मात्र एकही रोप नव्हतं. जुनी रोपं जागच्या जागी कुजत होती आणि प्यायलेलं सगळं पाण्यात परत सोडत होती.

"अरे, ते झाड आहे! देवी नव्हे!"

"भाव महत्त्वाचा, महाराज."

महाराजांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात गावातली गुणाबाई काठावर आली. "म्हाराज, उद्यापासून तळं गावाला खुलं होणार म्हणं. पानी भरू ना? लेकरं तहानेली हायेत. दोन कोस चालावं लागतं."

महाराजांनी शिष्याकडे पाहिलं. "सांग तिला."

"भरा की, माई," शंभूगिरी प्रसन्न हसला. "नीलकंठीचं तीर्थ आहे ते. खुशाल प्या."

महाराजांनी धोतर खोचलं, ते तळ्यात उतरले आणि एक जुनं रोप मुळासकट ओढून काढलं. ती काळी, बुळबुळीत मुळं त्यांनी शंभूगिरीच्या दोन्ही हातांत कोंबली. घाण त्याच्या कोपरापर्यंत ओघळली.

"महाराज! हे पाप..."

"ठेव ती हौदात. आणि जेवायला चल. पानं वाढलीत."

शंभूगिरीने रोप हौदात टाकलं आणि मठाच्या दाराकडे धावला. तिथे टँकरच्या पाण्याचं पिंप होतं.

"कुठे निघालास?"

"हात धुवायला."

"तळं इथे आहे."

शंभूगिरी थांबला. त्याने तळ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे...

"धू ना."

शंभूगिरी एक पाऊल मागे सरला.

"अरे, धू!"

"महाराज..." त्याचा आवाज एकदम खाली आला. "त्यात शिसं आहे."

महाराजांनी गुणाबाईकडे बोट दाखवलं. "मला काय सांगतोस? पाणी ती पिणार आहे."